अळणी घाम

जेजुरीला नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या, हा रिवाज. मार्तंडला जन्मापासून सिस्टिक फायब्रोसिस. फुप्फुसं चिकट, रक्तवाहिन्या ताठ आणि घाम मिठासारखा खारट. त्या खारेपणाची चव लागली, की डॉक्टरांनी मानेवर चिकटवलेली चकती जागी व्हायची, रक्तवाहिन्या सैलावायच्या आणि दम पुरायचा. महिन्यापूर्वी नव्या औषधानं फुप्फुसं सुधारली, घामही अळणी झाला; रक्तवाहिन्या मात्र ताठच राहिल्या. आईनं त्याच्या कपाळाचा मुका घेऊन पाहिला आणि गावभर पेढे वाटले. चकतीचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

लग्नानंतर केतकीला उचलून तो चढू लागला आणि तिसऱ्या पायरीवर अडला, दम पुरेना. घाम वाहत होता, चकती ढिम्म.

“नवरदेव, जेवला न्हाईस का रं?” मामा ओरडला. पाहुणे खिदळले.

“खाली ठेवा मला,” केतकी पुटपुटली. तो काही ठेवीना. आता हा जातोय असं वाटून ती त्याच्या मानेत तोंड खुपसून रडू लागली. आसवं चकतीवर ओघळली आणि गडी सरसर वर चढला. भंडारा उधळला.

आईला सगळं उमगलं. तिनं सुनेची हनुवटी धरली.

“गुणाची गं माझी पोर,” ती लाडानं म्हणाली, “आता रोज अशीच रडत जा.”