बघण्यापुरता खडा

सिद्धलिंगप्पाने तांब्या रिकामा केला आणि रांजणातून पुन्हा भरून घेतला. शांतम्मा दारात उभी राहून धाकट्या भावाकडे बघत होती. ऊन अजून अंगणातही उतरलं नव्हतं.

अप्पांना माती देऊन आज तिसरा दिवस. शेतात त्यांना पुरलं, तिथल्या मातीवर दूध घालायला निघायचं होतं. ईरम्मा आत्याने गव्हाची हुग्गी केली होती आणि ताटाच्या मधोमध गुळाची भेली ठेवली होती. शांतम्माने ती उचलून बाजूला ठेवली. आत्याने परत ताटात ठेवली.

"जित्तेपणी दिली न्हाईस. आता तरी खाऊ दे माज्या भावाला."

शांतम्माने भेली तिथेच राहू दिली. घरात तिने अप्पांना गूळ दिला नव्हता, हे खरंच होतं. पण भालकीच्या मोंढ्यात त्यांची अडत होती, आणि प्रत्येक ढेपेचा खडा त्यांनी जिभेवर ठेवल्याशिवाय बोली सुरू होत नसे. ती अडवायला गेली की म्हणायचे, "खात न्हाई गं, बघायलोय." चपलेने बोट सोललं आणि ते महिनोन् महिने भरेना, तेव्हा कुठे ते डॉक्टरकडे यायला तयार झाले. डॉक्टरने जखम नंतर पाहिली. आधी विचारलं, पाणी फार पितात का? रक्तात साखर निघाली, तेव्हापासून घरात गूळ बंद झाला.

त्यांचं बोट चिघळल्यापासून अडतीच्या गादीवर सिद्धलिंगप्पा बसत होता.

वाटेत तिने त्याला गाठलं. बरोबरची माणसं पुढे गेली होती. दोन दिवस मनात घोळवलेलं ती घाईघाईने बोलून गेली.

"चव बघ, पण थुंकून टाकत जा."

तो हसला. "शेतकऱ्याच्या देखत? वरीसभर राबून आणलेल्या मालावर थुंकू? दुसऱ्या दिवशी त्याची गाडी शेजारच्या अडतीत."

"पाणी लई प्यायलास तू हल्ली."

"आता पाण्यावर बी पहारा व्हय, अक्का? अप्पांवर केलीस, तेवढा बास झाला."

तो झपाझप पुढे गेला. ती मागून चालत राहिली. तिच्या हातात वाटेसाठी घेतलेला पाण्याचा तांब्या होता. पाणी डचमळून पदर भिजत होता, तरी ती पावलं आवरू शकत नव्हती.

माती अजून ओलसर होती. विधी करायला आलेल्या शिवय्या जंगमांनी विभूती लावली, दूध घातलं आणि मुलाने आपल्या हाताने प्रसाद ठेवावा, असं सांगितलं. सिद्धलिंगप्पाने भेली दगडावर फोडली. एक खडा बोटांत घेऊन उजेडाकडे धरला, अंगठ्याने चोळला आणि तोंडात टाकला. जीभ टाळ्याला लावली. डावा डोळा किंचित मिटला, अप्पांचा मिटायचा तसा.

मंत्र म्हणता म्हणता शिवय्या थांबले.

"नैवेद्य उष्टा केलास की रे," आत्या हळू आवाजात म्हणाली.

सिद्धलिंगप्पाने आपल्या बोटांकडे पाहिलं. ती दुसऱ्या कुणाची असावीत, तसा तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"खाल्लो न्हाई," तो म्हणाला. "बघितलो."

शिवय्यांनी बाकीचा गूळ बाजूला करायला सांगितला आणि नुसती हुग्गीच मातीवर ठेवायला लावली. मंत्र पुढे सुरू झाला. शांतम्माचं त्यात लक्ष नव्हतं. ती भावाच्या गालाकडे बघत होती. गालातला खडा लहान होत गेला, मग दिसेनासा झाला. अप्पांच्या मातीजवळ तो थुंकणार नव्हता.

सगळे परत फिरले. तो बांधावर तिची वाट बघत थांबला होता.

"रस आटवताना चुना जास्त पडलाय ह्या गुळात," तो म्हणाला. "तांब्या आण इकडं, अक्का. तोंड वाळायलंय."

तिने तांब्या दिला. उभ्याउभ्या सगळं पाणी पिऊन त्याने तोंड पुसलं आणि तो विहिरीकडे बघू लागला.