सलाम करणारा गल्ला

दार उघडताच बायकोने आधी त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"झाला का दुरुस्त?"

त्याने नकारार्थी मान हलवली आणि पिशवीतला पत्र्याचा शिपाई टेबलावर ठेवला. शिपाई म्हणजे आईच्या लहानपणचा गल्ला. रंगाचे पोपडे निघालेले, एक डोळा पुसून गेलेला, पण ऐट तीच. छातीवरच्या खिशात नाणं टाकलं की उजवा हात खाडकन टोपीला लागायचा. आईला हल्ली माणसं ओळखू येत नव्हती, पोटचा मुलगासुद्धा. हा मात्र ओळखू यायचा. रोज संध्याकाळी ती त्याला नाणं द्यायची, तो सलाम करायचा, ती म्हणायची, "घे बाबा हात खाली, दमशील," आणि गुमान गोळी गिळायची. बुडाचं झाकण काढून तेच नाणं दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्या हातात. सलाम नाही तर गोळी नाही, असा हा कारभार.

"स्प्रिंग तुटलीय," तो म्हणाला. "असली आता जन्मात मिळायची नाही म्हणतो घड्याळवाला. विकायचा असेल तर सांगा म्हणाला. शोभेला ठेवणारे चांगले पैसे देतात."

"शोभेला! काल गोळी चुकली तर पहाटे फिट आली. आजही चुकली तर काय करायचं आपण?"

तो स्टुलावर बसला. बूट काढायचंही त्राण उरलं नव्हतं. मोठ्या हॉटेलच्या दारात उभं राहायची नोकरी. येणाऱ्याच्या गाडीचं दार उघडायचं, जाणाऱ्याला सलाम ठोकायचा. कोणी ढुंकूनही बघत नसे. घरी आल्यावर तो पाण्याचा पेलासुद्धा डाव्या हाताने उचलायचा. आज दुकान बंद होईल म्हणून कपडे न बदलता तसाच घड्याळवाल्याकडे पळाला होता. पितळी बटणांचा कोट आणि टोपी अजून अंगावरच होती.

बायकोने शिपाई आईपुढे नेला. आईने नाणं टाकलं. ते आत खणकन वाजलं. हात काही हलला नाही. बायकोने मागून हळूच बोट घालून तो वर केला.

"तू हलवतेयस," आई म्हणाली. "मला कळत नाही होय?"

बायकोने झाकण काढून नाणं परत तिच्या हातात दिलं. "आई, घ्या ना गोळी. माझ्यासाठी घ्या."

आईने ओठ घट्ट मिटले. बायको भिंतीला टेकली.

"मी थकले हो आता," ती म्हणाली. ते कोणालाच उद्देशून नव्हतं.

आईची नजर फिरत फिरत स्टुलापाशी आली. बटणं, टोपी. ती उठली, टेबलाचा आधार घेत त्याच्यासमोर आली आणि त्याच्या कोटाच्या खिशात तिने नाणं टाकलं. मग वाट बघत उभी राहिली.

एवढंच राहिलं होतं, असं त्याला वाटलं. आता घरातसुद्धा! त्याला रागही आला आणि रडूही.

"आई, मी आहे. तुझा धाकटा."

आईने ऐकून घेतलं आणि पुन्हा त्याच्या उजव्या हाताकडे बघू लागली. बायको गोळी आणि पाणी घेऊन तिच्या मागे येऊन उभी राहिली.

तो उठला. टाचा जुळवल्या. दुखरा खांदा कुरकुरला, पण हात टोपीला लागला. हॉटेलच्या दारात कोणालाही मिळाला नसेल असा कडक सलाम.

आईचा चेहरा खुलला. तिने गोळी तोंडात टाकली, वर घोटभर पाणी घेतलं. मग पुढे होऊन त्याचा खांदा चाचपला.

"घे बाबा हात खाली," ती म्हणाली. "दमलास."

त्याला हात खाली घेववेना.