अन्न आणि पाणी

"नळी राहू द्यायची की काढायची, एवढंच आज ठरवायचं आहे," डॉक्टर पास्को म्हणाले आणि त्यांनी नुन्झियो बोनफान्तीची फाइल सिस्टर बर्निसपुढे सरकवली.

सहा वर्षांपूर्वी, ऐन गळीत हंगामात, नुन्झियो स्वतःच्याच उसात कोसळला. मेंदूत रक्तस्राव. तेव्हापासून तो मिशनच्या या शुश्रूषागृहात पडून होता; सिस्टर बर्निस या इथल्या प्रमुख नन. हातपाय हलत नव्हते, वाचा गेली होती. पोटात बसवलेल्या नळीतून अन्नपाणी जात होतं, म्हणून तो होता.

"यंदाचा हा चौथा न्यूमोनिया," डॉक्टर म्हणाले. "दिलेलं वर येतं आणि फुप्फुसात उतरतं. शरीरच नको म्हणतंय. तुमच्या चर्चचे नियम मला पाठ नाहीत, पण..."

"मला आहेत. अन्नपाणी हे औषध नाही, ती माणसाची साधी सेवा. ती तोडायची नाही. पण तीच रोग्याला ओझं झाली, तर थांबवायला चर्चची आडकाठी नाही."

"मग झालं तर!"

"ओझं झालंय हे कोण सांगणार? त्याला बोलता येत नाही. आणि बायको नको म्हणतेय."

बायको म्हणजे एर्सिलिया. ती रोज सकाळी सातला यायची. नवऱ्याची दाढी करायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, नखं कापायची. ऊस पेटवायच्या दिवसांत खिडकीतून काळी राख आत यायची, तर ती ओल्या फडक्यानं त्याच्या पापण्या पुसत बसायची. सहा वर्षांत त्याच्या पाठीला एकही जखम झाली नव्हती.

"माझा नवरा असा पडला, तर मी फार तर टीव्ही लावून देईन," एक नर्स हसत म्हणायची.

दुपारी मुलगी आली. लिडिया, चाळिशीची, ब्रिस्बेनहून. खोलीच्या दारातच थांबली. आत पाऊल टाकलं नाही.

"पप्पांना जाऊ द्या, सिस्टर."

"सहा वर्षांत किती वेळा आलात तुम्ही?"

"आज पहिल्यांदा."

"आणि आलात ते हे सांगायला."

लिडियाचा चेहरा हलला नाही. "हो. आता पुरे झालं. त्यांचंही आणि मम्माचंही."

"आईची माया तुम्हाला जड होतेय?"

"माया," लिडिया म्हणाली. "माझ्या मनात त्यांच्याबद्दल काही उरलेलं नाही, सिस्टर. म्हणून तर सांगू शकते."

सिस्टर बर्निस तिशीपासून आजाऱ्यांत वावरलेल्या. असली मुलं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. त्यांनी पाठ फिरवली.

थोड्या वेळानं व्हरांड्यातून मायलेकींचा आवाज आला.

"मम्मा, हे कर म्हणून मी तुला कधी सांगितलं होतं का?"

"तू काहीच सांगितलं नव्हतंस. तेच तर. जा तू ब्रिस्बेनला. इथलं माझं मी बघते."

संध्याकाळी डॉक्टरांनी सिस्टरना खोलीत बोलावलं. नर्स नुन्झियोच्या घशात नळी घालून छातीतला कफ ओढत होती. त्याचं अंग ताठ झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

"हे आपोआप येणारं पाणी नाही," डॉक्टर म्हणाले. "नव्या तपासणीत स्पष्ट दिसलंय. त्याला दुखतं. माणसंही ओळखतो तो. बायको आत आली की नाडी धावायला लागते."

सिस्टरनी मान वर केली. "बायको आली की?"

"दर वेळी."

"मग त्याला बोलता येत नाही असं कसं म्हणायचं? अजून काय बोलायला हवं त्यानं? त्याला तिच्यासाठी जगायचंय, डॉक्टर."

डॉक्टरांनी खांदे उडवले. असल्या बाबतीत शेवटचा शब्द सिस्टरचा असायचा. सिस्टरनी फाइल ओढून घेतली आणि उभ्याउभ्याच लिहिलं: नळी राहील. सही करताना गेल्या कित्येक वर्षांत त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं.

लिडियाला त्यांनी फोनवरच कळवलं. ती गाडी चालवत होती. तिनं गाडी कडेला घेतली. मग ती म्हणाली, "तुम्ही मम्माला वाचवू शकला असता, सिस्टर," आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी एर्सिलिया चादर बदलत होती, तेव्हा सिस्टर आत आल्या.

"नळी काढणार नाही. मी लिहून दिलंय."

एर्सिलियानं डोळे मिटून क्रूसाची खूण केली आणि सिस्टरचा हात ओठांना लावला.

आता खरं सांगणं भाग होतं. सिस्टरनी तिचा हात सोडला नाही. "एक गोष्ट तुम्हाला ऐकायला जड जाईल, पण लपवणं बरं नव्हे. त्यांना सगळं कळतंय. दुखणंसुद्धा. छाती साफ करतात तेव्हा फार यातना होतात. आणि हे असंच चालणार, कदाचित आणखी बरीच वर्षं."

"नक्की कळतं?"

"नक्की."

एर्सिलिया खुर्चीत बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली. सिस्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"सहा वर्षं मला एवढीच धास्ती होती, सिस्टर," ती म्हणाली. "की त्याला काही कळतच नसेल."

"कळतं हो. तुम्ही आलात की कळतं त्यांना."

एर्सिलिया उठली. तिनं नवऱ्याच्या अंगावर चादर ओढली, हनुवटीखाली नीट खोचली, आणि त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "हा रात्री लिडियाच्या खोलीत जायचा, तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिलाही सगळं कळत होतं."