बारावी खिडकी

चौथ्या खिडकीत खारीक निघाली, तशी द्वारकाबाईंनी ती भिंतीवर फेकून मारली.

"दात हायेत का मला? सासूला खारीक देऊन राहिली!"

"चघळा, आत्याबाई. उद्यापर्यंत पुरंल," शालूबाई म्हणाली आणि खारीक पदराला पुसून पुन्हा सासूच्या हातात दिली.

खिडक्या मातीच्या होत्या. लग्नाआधी शालूबाई हिंगोलीत एका मडमेकडं कामाला होती. नाताळ जवळ आला की मडम भिंतीवर एक पुठ्ठा टांगायची. त्याला कागदाच्या बारीक बारीक खिडक्या. रोज एक उघडायची, आत चित्र. शेवटची उघडायची नाताळाच्या दिवशी. गोरेगावात तसला पुठ्ठा मिळेना, म्हणून शालूबाईनं माजघराच्या भिंतीत खुरप्यानं बारा खोबण्या पाडल्या, प्रत्येकीत काहीबाही ठेवलं आणि वरून शेणमातीनं लिंपून टाकलं. मडमेच्या खिडक्या चोवीस होत्या. पण मडमेची भिंतही मोठी होती.

हा सगळा उपद्व्याप सासूच्या जेवणासाठी होता. देश स्वतंत्र झाला होता. गोरेगावला ते अजून कुणी कळवलं नव्हतं. पोळा झाल्यावर सोनाजी, म्हणजे द्वारकाबाईंचा लेक आणि शालूबाईचा नवरा, निजामाची हद्द ओलांडून त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांच्या वऱ्हाडातल्या कॅम्पात निघून गेला. तेव्हापासून म्हातारीनं ताटाकडं पाठ फिरवली होती. आता भाकरी संपल्याशिवाय खिडकी फोडायची नाही, असा घरात कायदा झाला होता.

शेवटची खोबण बाकीच्यांपेक्षा मोठी होती.

"तिच्यात काय हाय?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"तिच्यात तुमचा लेक. नाताळाला येतो म्हणलाय. थोराड माणूस, म्हणून खिडकी मोठी. पण कुणाला सांगू नका."

द्वारकाबाईंनी कुणाला सांगितलं नाही. फक्त आडावरच्या बायकांना, तेलिणीला आणि देवळातल्या गुरवाला सांगितलं. तेही प्रत्येकाला शपथ घालून.

शेजारचा संतराम दुसऱ्या दिवशी कुडावरून वाकला.

"वैनी, म्हातारीपाशी काहून बोलल्या? त्यापरीस दवंडी पिटायची व्हती."

"जेवून राहिल्या ना त्या? तेवढं बघा, भाऊजी."

"अन् सोनाजीचं काय?"

तांड्यावरची भिकाबाई रोजच्यासारखी शेणाची टोपली टाकून गेली होती. शालूबाई ते शेण कालवत बसली.

सहाव्या दिवशी ओढ्यापलीकडच्या चौकीचा जमादार आला. गेल्या महिन्यात त्यानं असाच एक पळालेला माणूस हद्दीवर गाठून गोळी घातली होती आणि बाजाराच्या दिवशी प्रेत चौकीसमोर ठेवलं होतं. बघायला लांब जायची लोकांना तकलीफ नको, असा त्यात विचार होता.

"क्या बाई, भिंतीला देवी आल्या का?"

"म्हातारीचं खेळणं हाय, साहेब."

जमादारानं छडीनं उरलेल्या खिडक्या मोजल्या. मोठीवर छडी थांबली. "आखरी में क्या है?"

शालूबाईनं मान खाली घातली. उत्तर द्वारकाबाईंनीच दिलं. "माझा लेक! तुमी बी या नाताळाला."

"बराबर येणार," जमादार म्हणाला.

मग तो रोजच येऊ लागला. गूळ निघाला की निम्मा खायचा. हळकुंड निघालं तेव्हा मात्र त्यानं वाटा मागितला नाही.

अकराव्या दिवशी दिवस मावळायच्या आत त्यानं सगळे शिपाई आणले. दोन गोठ्यात बसवले, दोन कडब्याच्या गंजीआड, एक माळवदावर, एक दारात.

"साहेब, चौकीवर कोण?" एका शिपायानं विचारलं.

"चौकीवर कुलूप." जमादारानं कमरेची किल्ली वाजवली. "जप्तीच्या बंदुकांना पाय नसतात." मग त्यानं माजघराचा खांब हलवून पाहिला. "मजबूत आहे. उद्या इथंच बांधू."

"कुणाला?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मेहमानला."

"मंग गोडाचं करावं लागंल," म्हातारी म्हणाली. शालूबाई उठून चुलीपाशी गेली.

नाताळाच्या सकाळी भिकाबाई टोपली घेऊन आली, तेव्हा दारातल्या शिपायानं तिला अडवलं.

"टोपलीत काय?"

"शेन. हात घालून बघ की, बाबा."

शिपायानं नाकाला रुमाल लावला आणि तिला आत सोडलं.

शालूबाईनं सारवण काढलं. ओसरी, चूल, माजघराची भिंत, काही सोडलं नाही. रात्रभर जागल्यानं तिचे डोळे सुजले होते.

"आज काय सारवतेस?" ओसरीवरून जमादारानं विचारलं.

"घरधनी यायचा, साहेब. घर सारवाया नको?"

जमादार हसला. एवढं हसताना त्याला गावात कुणी पाहिलं नव्हतं.

द्वारकाबाईंनी दीड भाकर खाल्ली आणि खिडकीखाली येऊन बसल्या. दुपार झाली. रस्त्यावर कुणी नाही. उन्हं कलली. गंजीआडचे शिपाई पाय मोकळे करायला लागले. गावात कुत्रंसुद्धा भुंकेना.

जमादार उठून माजघरात आला.

"म्हातारी, खोल खिडकी."

"थांब रे बाबा, गुडघे..."

जमादाराला गुडघ्यांपर्यंत दम नव्हता. त्यानं म्हातारीला बाजूला सारलं आणि मोठ्या खिडकीवर बोट मारलं. बाकीच्या खिडक्या कुडकन फुटायच्या. हिच्यात बोट रुतलं. त्यानं कपाळाला आठ्या घालून मनगटापर्यंत हात आत घातला. काहीतरी जड लागलं. ते ओढून काढून त्यानं शेणमाती पुसली.

शालूबाई पहिल्यांदाच त्याच्याकडं सरळ बघत उभी होती.

जमादाराच्या हातात एक कुलूप होतं. दारातून कडीकोयंड्यासकट उपटलेलं. कुलूप अजून बंदच होतं, आणि त्याची किल्ली जमादाराच्या कमरेला होती.