मंगळवार-शुक्रवारचा गल्ला

सिंधुबाईंनी सही करायला पेन उचललं, तेवढ्यात तनुजानं समोरचा कागद हळूच ओढून घेतला.

"थांबा आत्याबाई. आधी एक बोलायचंय."

माहूरच्या देवीच्या पायऱ्यांखालच्या त्या ओटीच्या दुकानात सुनेनं सासूचा हात अडवल्याची ही पहिलीच वेळ असावी. बांगड्यांच्या शेजारी स्टुलावर बसलेला मृत्युंजय गोंधळला. तो नांदेडच्या एका वित्त कंपनीकडून कर्जाचं काम घेऊन आला होता, आणि त्याचं म्हणणं काही वाईट नव्हतं. टेम्पोचं कर्ज एकीकडे, माल भरायला घेतलेलं दुसरीकडे, बँकेतल्या ओव्हरड्राफ्टची उचल आणखी वेगळी. त्यापेक्षा सगळं मिळून एकच कर्ज करा, महिन्याला एकच हप्ता भरा, तोही आताच्यापेक्षा कमी. फक्त तो सात वर्षं भरायचा आणि तारण म्हणून दुकान लिहून द्यायचं. दुकान सिंधुबाईंच्या नावावर होतं. त्यांचा मुलगा, म्हणजे तनुजाचा नवरा भागवत टेम्पो घेऊन किनवटकडे गेला होता. 'आई म्हणंल तसं' एवढं फोनवर सांगून तो मोकळा झाला होता.

हप्ते निघतील एवढी कमाई दुकानात होत होती, हे तनुजाला पक्कं ठाऊक होतं. तरीही खातं वरचेवर उचलीच्या मर्यादेपलीकडे जायचं आणि बँक दंड कापायची. दंडाचा मेसेज आला की घरात बँकेचा उद्धार व्हायचा. तनुजानंही तो पुष्कळ केला. मग एक दिवस तिच्या लक्षात आलं की दोष बँकेचा नाही, घरातलाच आहे. पण त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

सिंधुबाईंचा नेम होता. मंगळवार आणि शुक्रवार देवीचे. त्या दिवशी गल्ल्यातली नोट दुकानाबाहेर जायची नाही. गिऱ्हाइकाला सुटे द्यायला पत्र्याचा वेगळा डबा होता, आणि नारळवालासुद्धा पैसे मागायला बुधवारीच यायचा. आता देवीचे वार म्हणजे गर्दीचे वार. फोनवरून पैसे देणारे असतात, नाही असं नाही, पण ओटी भरायला आलेल्या बाया अजून कमरेची पिशवीच सोडतात. त्यामुळे ऐन कमाईच्या दिवशी गल्ला भरगच्च आणि खातं कोरडंठाक. शुक्रवारचा पैसा शनिवारी बँकेत जायचा, आणि शनिवारी बँकेला सुट्टी असली की थेट सोमवारी. हप्ता काही सोमवारची वाट बघत नाही.

आज शुक्रवार होता. उद्या बँक बंद, आणि टेम्पोचा हप्ता उद्या सकाळीच कापला जाणार होता.

"दुकान लिहून दिलं तरी दंड थांबणार न्हाई, आत्याबाई," तनुजा म्हणाली. "हप्ता एक असू द्या न्हाईतर तीन. पैसा गल्ल्यात बसून राहिला अन् आपण दंड भरून राहिलो. नेम सोडा म्हणते मी."

आवाज तिनं मुळीच बारीक केला नव्हता. देवीच्या पायथ्याशी बसून सासूला देवीचा नेम सोडायला सांगणं म्हणजे काही गंमत नव्हती. मृत्युंजयनं बिचाऱ्यानं बांगड्या निरखायला घेतल्या.

सिंधुबाई चिडल्या नाहीत. गल्ल्याच्या वर नवऱ्याचा हार घातलेला फोटो होता, त्याकडे त्यांनी पाहिलं.

"देवीनं कवा सांगितलं होतं गं?" त्या म्हणाल्या. "नेम मीच लावला. तुझ्या सासऱ्याला पत्त्याचा नाद. गर्दीचा दिवस सरला की गल्ला साफ. माझं भ्याव त्यांना कधीच नव्हतं. देवीचं लई होतं."

तनुजा लग्न होऊन आली तेव्हापासून सासरे शुक्रवारी गल्ल्यापासून चार हात लांब बसायचे. कुणी चुकून गल्ल्याला हात लावला तर तेच आधी ओरडायचे. तिला ती भक्ती वाटायची, आणि त्यापायी त्यांच्याबद्दल फार आदर वाटायचा. आता आदर कुणाबद्दल वाटायला हवा होता ते तिला कळलं आणि हसूच आलं.

"ते गेले, नेम राहिला," सिंधुबाई म्हणाल्या. "पुढं पुढं मला बी तो खराच वाटाया लागला."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि मृत्युंजयला परत दिलं. दुकान लिहून द्यायचं नाही, एवढंच सांगितलं. तनुजानं मात्र त्याला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. टेम्पोच्या कर्जाचं व्याज फार आहे, तेवढं एक टेम्पोच्याच तारणावर तुमच्याकडे वळवता येईल का, हे विचारून या, म्हणाली. जमेल असं त्याला वाटलं. चहा पिऊन, घरच्यांसाठी हिरव्या बांगड्या घेऊन तो उठला, आणि त्याचे पैसे सिंधुबाईंनी सवयीनं गल्ल्यात टाकले.

मग त्यांनी कमरेची किल्ली काढून गल्ल्याचा खालचा कप्पा उघडला. सकाळपासूनच्या नोटा नीट जुळवल्या, कपाळाला लावल्या आणि सुनेच्या हातात ठेवल्या.

"पळ बँकेत. चारच्या आत पोच."

तनुजा पायात चपला सरकवून दुकानाबाहेर पडली. मागे कप्पा बंद झाल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. सिंधुबाई किल्ली कमरेला खोचत होत्या आणि फोटोकडे बघून बोलत होत्या.

"तुम्हाला अजून बंदीच हाय."