ब्रेकमधली हवा

आलापल्लीच्या उतारावर ब्रेक लागला नाही आणि सागवानाच्या ट्रकसकट खाली कोसळून ड्रायव्हर खुशाल मेला. ब्रेकच्या नळीतली हवा काढायचं काम त्याच्या धाकट्या भावानं, मनसारामनं, घाईत अर्धवट सोडलं होतं.

महिन्यानंतर एका दुपारी मनसाराम दुरुस्तीसाठी अंगणात आणलेल्या त्याच ट्रकखाली आडवा झाला. पेडल दाबायला त्यानं खुशालच्या बायकोला, वच्छलेला, वर बसवलं होतं.

"दाब, वहिनी."

पेडल करकरलं. चाकाजवळच्या ढिल्या नटातून बुडबुड्यांसकट तेल आलं.

"जोरानं दाब ना! जेवली नाई का?"

पेडल तळाशी गेलं.

"कोणाले म्हणता, भाऊजी?" विहिरीवरून वच्छलेचा आवाज आला. "मी तं कवाची उतरून इथी पाणी काढून राह्यली."

तेलातले बुडबुडे थांबले होते. नट आवळला की काम संपणार होतं. मनसारामनं तो आवळला नाही.

"दाब, भाऊ," तो हळूच म्हणाला.

पेडल पुन्हा करकरलं.