राखण

उद्यानाच्या फाटकावरच पहारेकऱ्याने बजावलं, "माकडांचा सुळसुळाट आहे, सामान सांभाळा."

मुलगा लगेच म्हणाला, "आई, तुझ्या गुडघ्यांना हा डोंगर झेपायचा नाही. तू आपली बाकावर पिशव्यांपाशी बस." सूनबाईंनीही मान डोलावली. आजवर किल्ले झाले, धबधबे झाले. आईने पाहिल्या त्या पिशव्याच.

वर गुहेत हजारो वर्षांपूर्वीच्या चित्रांपुढे सगळ्यांचे फोटो चालले होते. तेवढ्यात आई धापा टाकत, पण ताठ मानेने आत आली. मुलाला बाजूला सारून तिने भिंतीवरची धावती हरणं डोळे भरून पाहिली.

"अगं आई! सामान कुणाच्या भरवशावर टाकून आलीस?"



"माकडांच्या."